गिट्टी दाबणारी पिवळी यंत्रं

चौसाळ्यात आगगाडी नाही. सोलापूर-धुळे महामार्गावरचे ट्रक मोजत वाढलेल्या माणसाला रुळांखालच्या गिट्टीचं वेड कसं लागलं, असं घरचे विचारतात. उत्तर येडशीत आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाइन जाऊन 2008 पर्यंत तिथे ब्रॉडगेज आलं. त्यानंतर एकदा स्टेशनजवळ मी लांबलचक पिवळं यंत्र काम करताना पाहिलं, आणि इंजिनांवरचं माझं लक्ष कायमचं उडालं.

थोडी पार्श्वभूमी. फ्रांत्स प्लासर आणि योसेफ थॉयरर यांनी 1953 मध्ये ऑस्ट्रियात अशी यंत्रं बनवणारी कंपनी काढली. अमेरिकेत तिची शाखा व्हर्जिनियातल्या चेसापीकमध्ये आहे. भारतात 1965 पासून फरीदाबादला कारखाना आहे, अलीकडे गुजरातेत करजणलाही. स्वित्झर्लंडची माटिसा ही जुनी प्रतिस्पर्धी.

आता मुख्य गोष्ट, टॅम्पिंग, म्हणजे रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या पोटाशी गिट्टी दाबून भरणं. गाड्यांच्या वजनाने स्लीपरखालची गिट्टी ढासळते आणि रूळ खाली-वर होतात. पूर्वी गँगमन बीटरने गिट्टी ठोकून स्लीपरखाली भरत, मुकादम रुळाला डोळा लावून पातळी पाहत असे. लाकडी स्लीपरला ते चालून गेलं. पण अडीचशे किलोहून जड काँक्रीट स्लीपर आले, रुंद आणि कडक, आणि हाताचं पॅकिंग अपुरं पडलं. यंत्र हौस म्हणून आलेलं नाही, काँक्रीटने ते आणायला भाग पाडलं.

यंत्र आधी रूळ पकडून उचलतं आणि हवा तितका बाजूला सरकवतं. मग पोलादी टूल स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी गिट्टीत घुसतात, सेकंदाला 35 वेळा थरथरत. त्या थरथरीत दगड वाहत्या धान्यासारखे सैल होतात. तेवढ्यात टूल एकमेकांकडे दाबले जातात आणि दगड स्लीपरच्या पोटाखाली जाऊन बसतात. खरी करामत अशी की प्रत्येक टूलवर दाब सारखाच, पण सरकणं वेगवेगळं. जिथे पोकळी जास्त तिथे टूल जास्त आत जातो, जिथे गिट्टी घट्ट तिथे लवकर थांबतो. माझ्या मते रेल्वेतली याहून हुशार यंत्ररचना नाही. 08-32 या मॉडेलमध्ये असे 32 टूल दोन स्लीपर एकदम पॅक करतात, पण प्रत्येक वेळी पूर्ण यंत्राला थांबावं लागतं. 09 सीएसएम या मॉडेलमध्ये गाडी संथ सरकत राहते आणि टॅम्पिंगचा भाग तेवढा थांबत-पळत जातो.

एक मर्यादा मात्र मराठवाड्याने लक्षात ठेवावी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खालचा भराव नीट नसेल तर वरून कितीही टॅम्पिंग केलं तरी रूळ पुन्हा बिघडतो. यंत्र गिट्टी बसवतं, माती सुधारत नाही.

टॅम्पिंगनंतर गिट्टी काहीशी सैल असते, म्हणून काही काळ वेगमर्यादा लागते. डीजीएस नावाचं यंत्र रुळाला आडवे हलके हादरे देऊन आणि खाली दाबून ती लवकर बसवतं.

आता आमच्या बाजूलाही रूळ आले आहेत: 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी आली. 261 किलोमीटरच्या या मार्गाचा परळीकडचा भाग अजून व्हायचा आहे. वाचकहो, रुळांच्या देखभालीसाठी घेतलेल्या ब्लॉकमुळे गाडी थांबली तर वैतागू नका. शेजारच्या रुळावर पिवळं यंत्र दिसलं, तर डब्यात बसूनच त्याचे टूल गिट्टीत उतरताना नीट पाहा.