पन्नास पैशांखालचं गाव

खरिपाची काढणी आटोपत आली की मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते: अमुक तालुक्यातल्या इतक्या गावांची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी. शहरातला वाचक बहुधा पान उलटतो. गावात मात्र त्या आकड्याकडे डोळे लागलेले असतात.

बातमीतला हा पैसा खिशातला नव्हे. पीक किती आलं, हे मोजण्याचं ते माप आहे. निवडक शेतांत दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा तुकडा आखून तिथलं पीक कापतात, मळतात, तोलतात आणि येणारं उत्पादन प्रमाण उत्पादनाशी ताडून पाहतात. प्रमाण उत्पादन म्हणजे शंभर पैसे, पूर्ण रुपया. निम्मंच पदरात पडलं तर पन्नास. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, असे पैसेवारीचे टप्पे असतात. पन्नासच्या खाली गेलेल्या गावांना जमीन महसुलात सूट, पीककर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी असा आधार मिळत आला. त्यामुळे ४९ आणि ५१ या दोन आकड्यांमध्ये एखाद्या कुटुंबाचं सबंध वर्ष अडकलेलं असू शकतं. नजरअंदाज पैसेवारी जास्त लागली की गावकरी तहसील कचेरीत निवेदन घेऊन जातात, ते यासाठीच.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनं दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले. पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, भूजल, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती यांना महत्त्व आलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो याच पद्धतीनं. तरीही पैसेवारी निघतेच, आणि गावात चर्चा होते ती तिचीच.

जुनी माणसं हिला आणेवारी म्हणतात. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत असत. त्या दिवशी दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर भाग झाले आणि जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून नाण्यावर ‘नया पैसा’ असं छापलं गेलं. १९६४ मध्ये ‘नया’ गळून पडला. आणा व्यवहारातून गेला, पण बोलण्यातून हलला नाही. पन्नास पैशांना आठ आणे म्हणणारे आजही भेटतात, सोळा आणे खरी गोष्ट अजून सांगितली जाते आणि सामाईक जमिनीच्या जुन्या कागदांत भावाभावांचे हिस्से आणे-पैतच लिहिलेले सापडतात.

महाराष्ट्रानं पैशाच्या लहानग्या नाण्यातून कारखानाही उभा केला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत स्वदेशी उद्योगासाठी निधी जमवला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. सर्वांत गरीब माणसालाही देता येईल एवढीच रक्कम मागण्यात या योजनेचं मोठेपण होतं.

बोलीत हाच शब्द कुठेही जातो. मुबलक वस्तू पैशाला पासरी असते, संसारी माणूस चार पैसे गाठीला बांधतो. पावसाळ्यात भिंतीवर फिरणारा बहुपाद किडा हात लागताच वेटोळं करून नाण्यासारखा पडतो, म्हणून त्याचंही नाव पैसा.

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. रुपया डॉलरमागे किती पैशांनी घसरला हे मात्र रोज सांगितलं जातं, आणि विजेचा दर ठरताना युनिटमागच्या पैशांवरून वाद होतात.

समुद्रापलीकडेही पैसा हा शब्द पोचला. ओमानच्या रियालचे हजार बैसा होतात. पूर्व आफ्रिकेत एकेकाळी भारतीय रुपया चालत असे. तिथल्या स्वाहिली भाषेत ‘पेसा’ म्हणजे कुठलाही पैसा. केनियात २००७ मध्ये मोबाइलवरून रक्कम पाठवण्याची सेवा सुरू झाली, तेव्हा तिचं नाव ठेवलं गेलं एम-पेसा.