कोणते लाकूड चुलीला, कोणते अवजाराला?

गावोगावी गॅस पोहोचला असला तरी अनेक शेतकरी कुटुंबांत पाणी तापविण्यासाठी व भाकरीसाठी आजही सरपणच वापरले जाते. त्यासाठी बांधावरचे हाताशी येईल ते झाड तोडले जाते. अवजारासाठी उपयोगी पडणारे बाभळीचे सरळ खोडही मग चुलीत जाते. हे नुकसान टाळण्यासाठी लाकडाचे गुणधर्म माहीत असणे आवश्यक आहे.

वजनात उष्णता सारखीच

पूर्ण वाळलेल्या एक किलो लाकडापासून साधारणपणे ४,५०० ते ५,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. झाड कोणतेही असो, यात फारसा फरक पडत नाही. फरक असतो तो घनतेत. वाळलेल्या लाकडाचे एका घनफुटाचे अंदाजे वजन पुढीलप्रमाणे असते :

खैर – २८ किलो
धावडा – २५ किलो
बाभूळ – २२ किलो
साग, आंबा – १८ किलो
सुबाभूळ – १७ किलो
सावर – १० किलो

म्हणजेच बाभळीच्या एका ओंडक्यात तेवढ्याच आकाराच्या सावरीच्या ओंडक्यापेक्षा दुपटीहून अधिक जळण असते. जड लाकूड सावकाश जळते व त्याचा निखारा टिकतो. हलके लाकूड चटकन पेटते, पण लवकर विझते. म्हणून जळण गाडीच्या मापाने घेताना झाडाची जात पाहावी आणि वजनाने घेताना ओलावा पाहावा.

ओले जळण महागात पडते

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. त्यामुळे एक क्विंटल ओल्या लाकडापासून मिळणारी उष्णता एक क्विंटल वाळलेल्या लाकडाच्या जेमतेम निम्मी भरते. शिवाय धूर होतो व त्याचा त्रास चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीला होतो.

हिवाळ्यात तोडलेले लाकूड लगेच मनगटाएवढ्या जाडीचे फोडावे. निलगिरी तर ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर ती सहज फुटत नाही. फोडलेले लाकूड जमिनीपासून थोडे उंच, हवा खेळेल असे रचावे व मृगापूर्वी छपराखाली घ्यावे. टोकाला चिरा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज आला, की लाकूड वाळले असे समजावे.

कठीण लाकूड अवजाराला

लाकडाचा कठीणपणा मोजताना सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवतात व त्यासाठी लागणारा जोर नोंदवतात. या कसोटीवर बाभूळ सागापेक्षा बरीच वरचढ ठरते. म्हणून कुळव, वखर व गाडीच्या चाकासाठी बाभूळ, तर कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी चिवट धावडा वापरतात. साग मात्र ऊनपावसात वेडावाकडा होत नाही व त्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून तो दारे-खिडक्यांसाठी योग्य. अवजाराच्या लाकडाची साल लगेच काढावी, म्हणजे किडीचा उपद्रव कमी होतो. हे लाकूड सावलीत सावकाश वाळवावे. उन्हात ते तडकते.

काय करावे?

बाभळीचे सरळ खोड अवजारासाठी राखावे आणि फांद्या व वेडेवाकडे तुकडे चुलीला वापरावेत. रोजच्या जळणासाठी बांधावर सुबाभूळ लावावी; तोडल्यावर ती पुन्हा फुटते. मात्र शेंगा पक्व होण्यापूर्वी छाटणी करावी, अन्यथा रोपे शेतभर पसरतात. खैर, साग, आंबा यांसारखी झाडे तोडण्यासाठी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी लागते, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे.