फळप्रक्रियेतील चोथ्याचा पशुखाद्य म्हणून उपयोग : लिंबूवर्गीय फळे आणि नाशिकची द्राक्षे

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यात निफाड व दिंडोरी हे तालुके द्राक्षांचे, तर सिन्नर, येवला व नांदगाव हे अवर्षणप्रवण. महाराष्ट्र शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर जिल्ह्यात वायनरींची संख्या वाढली. द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च असल्याने वायनरींतील चोथा नेमका चाराटंचाईच्या तोंडावर उपलब्ध होतो. संत्री-मोसंबीचा चोथा अनेक देशांत दुभत्या जनावरांना दिला जातो. मग द्राक्षांचा का देऊ नये, असा प्रश्न पशुपालकांना पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या दोन चोथ्यांतील मूलभूत भेद स्पष्ट केला आहे.

लिंबूवर्गीय फळांचा चोथा

रस काढल्यानंतर फळाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग साल, गर व बिया या रूपाने शिल्लक राहतो. त्यात सुमारे 80 टक्के पाणी असते. चुना मिसळल्याने पेक्टिनने धरून ठेवलेले पाणी सुटे होते. नंतर चोथा दाबून व वाळवून त्याच्या गोळ्या तयार करतात. ब्राझीलमधून अशा गोळ्यांची युरोपला निर्यात होते. पेक्टिन हे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात लवकर पचते. तथापि धान्यातील स्टार्चप्रमाणे त्यापासून लॅक्टिक आम्ल फारसे तयार होत नाही. म्हणून हा चोथा धान्याला अंशतः पर्याय ठरतो. त्यात प्रथिने मात्र केवळ 6 ते 7 टक्के, कॅल्शियम अधिक व फॉस्फरस कमी असल्याने पेंड व योग्य खनिज मिश्रणाची जोड आवश्यक असते.

महाराष्ट्रात नागपुरी संत्री व जालन्याची मोसंबी यांचा कारखान्यात जाणारा वाटा लहान असल्याने असा चोथा एके ठिकाणी मोठ्या प्रमाणावर मिळत नाही. नाशिकमध्ये द्राक्षांच्या चोथ्याची स्थिती याउलट आहे.

द्राक्षांचा चोथा

वायननिर्मितीत द्राक्षांच्या वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के चोथा निघतो. प्रयोगशाळेतील पृथक्करणात त्यातील कच्ची प्रथिने शुष्क द्रव्याच्या 10 ते 13 टक्के, म्हणजे लिंबूवर्गीय चोथ्याहून अधिक आढळतात. परंतु हा आकडा फसवा आहे. बियांतील लिग्निन अपाच्य असते आणि साल व बियांतील टॅनिन प्रथिनांशी बद्ध होते. परिणामी प्रथिनांचा बराच भाग जनावराच्या उपयोगी न पडता शेणावाटे बाहेर जातो.

चोथ्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे किण्वनापूर्वीच दाबतात. त्यामुळे त्या चोथ्यात साखर शिल्लक असते. लाल वाइनचा चोथा किण्वनानंतर निघतो. त्यात साखर अत्यल्प व काही प्रमाणात मद्यार्क असतो.

सुरक्षितता व साठवण

ओल्या चोथ्याला काही दिवसांतच बुरशी लागते. म्हणून तो ताजा असतानाच हवाबंद खड्ड्यात दाबून मुरघास करणे किंवा उन्हात पातळ थरात वाळविणे इष्ट होय. बुरशी लागलेला चोथा कोणत्याही जनावराला देऊ नये.

द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण व अन्य बुरशीनाशके फवारली जातात. तांब्याचा अंश सालीवर राहू शकतो आणि मेंढ्या तांब्याच्या विषबाधेस विशेष संवेदनशील असतात. मेंढपाळांनी ही बाब दुर्लक्षित करू नये. 1998 मध्ये जर्मनीतील दुधात डायॉक्सिनचे प्रमाण वाढल्याचे आढळले. त्याचा उगम ब्राझीलमधील लिंबूवर्गीय चोथ्यात मिसळलेल्या दूषित चुन्यात सापडला. खाद्यातील दोष दुधापर्यंत पोहोचतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

लिंबूवर्गीय चोथा हे ऊर्जायुक्त खाद्य आहे, तर द्राक्षांचा चोथा हा मर्यादित प्रमाणात वापरावयाचा पूरक चारा आहे. अधिक दूध देणाऱ्या गाईच्या आहारात पेंडीच्या जागी तो वापरल्यास दूध घटण्याचा संभव आहे. भाकड जनावरांना इतर चाऱ्यासोबत तो थोडा थोडा देता येतो. सिन्नरच्या पशुपालकाने चोथ्याची किंमत ठरविताना प्रथिनांच्या टक्केवारीऐवजी पचनीयता, ओलावा व वाहतूक खर्च विचारात घ्यावा. खरेदीपूर्वी पचनीयता व अवशेष यांचे पृथक्करण करून देण्याचे कार्य जिल्ह्यातील महाविद्यालयांचे रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र विभाग हाती घेऊ शकतात.