चौथी सीट आणि मनोदेवता

लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा आला की बसलेले तिघे सरकतात. बाक तिघांसाठीच बांधलेला; तरी जो सरकत नाही त्याच्याकडे विरारचा डबा नापसंतीने पाहतो. का सरकायचे, हे विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. कारणाच्या आधी मनात उमटणाऱ्या अशा निवाड्याला नीतिशास्त्रात नैतिक अंतःप्रज्ञा म्हणतात. विरार फास्टमध्ये बोरिवलीचा प्रवासी चढू लागला की ‘आम्ही लांबचे’ म्हणत दार अडवणारेही याच डब्यातले, आणि त्यांची खात्रीही तितकीच पक्की.

नैतिक सिद्धान्ताने असे निवाडे किती मानावेत? १९६७मध्ये फिलिपा फूट यांनी एक प्रसंग मांडला: ट्राम थांबत नाही, पुढे रुळावर पाच कामगार आहेत, दुसऱ्या फाट्यावर एक. ट्राम वळवावी, असे बहुतेकांना वाटते. जुडिथ थॉमसन यांनी त्यात पूल आणला. पुलावरच्या एका धिप्पाड माणसाला खाली ढकलले तर गाडी अडेल नि पाच वाचतील. हिशेब तोच, पण मन ‘नाही’ म्हणते. २००१मध्ये जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे एमआरआय घेतले, तेव्हा ढकलण्यासारख्या प्रसंगांत भावनांशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसले. अशा ओढी उत्क्रांतीने मागे ठेवलेल्या, त्यांच्यासाठी सिद्धान्त वाकवू नये, असे पीटर सिंगर म्हणतात. हे जरा घाईचे वाटते. भावना जागी झाली एवढ्याने निवाडा खोटा ठरत नाही. जॉन रॉल्स यांनी १९७१मध्ये मधली वाट मांडली: तत्त्व आणि निवाडा एकमेकांवर घासून पाहावेत, जे टिकणार नाही ते दुरुस्त करावे, मग ते तत्त्व का असेना.

मराठीत ही चर्चा त्याआधीच झाली होती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५मध्ये प्रसिद्ध झाले. बरेवाईट तत्काळ सांगणारी स्वतंत्र मनोदेवता माणसात असते, हे मत त्यात खोडून काढले आहे. बुद्धी एकच, सरावाने ती झटकन बोलते, तोंडी हिशेब करणाऱ्याचे उत्तर येते तशी. ती शुद्ध नसेल तर उत्तरही चुकते.

पुन्हा लोकलकडे: नालासोपाऱ्याहून सीटसाठी उलटे विरारला जाणाऱ्याबाबत डब्याचे अजून एकमत नाही. पास नालासोपाऱ्यापर्यंतचाच असेल, तर रेल्वेच्या लेखी तेवढा प्रवास विनातिकीटच असतो.