झाकणावरचा चौकोन

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. केळीच्या बागेला कडेनं हिरव्या जाळीचा आडोसा करावा लागतो, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात यावल-रावेरच्या आणि शिरपूर-साक्रीच्या पाड्यांवर नर्सबाई खांद्याला पेटी लावून पोचतात आणि त्या पेटीतली लस मात्र 2 ते 8 अंशांतच राहिलेली असावी लागते. ती तशी राहिली का, अशी शंका एखाद्या आईच्या मनात आली तर ती रास्तच आहे. तिचं उत्तर बाटलीवरच छापलेलं असतं.

लसीच्या बाटलीवर एक छोटंसं जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या पोटात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर बाटली बाद. चौकोनात डायअ‍ॅसिटिलीन जातीचं रसायन असतं. उष्णता लागली की त्याचे सुटे रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि रंग गडद होतो. एकदा गुंफलेले रेणू पुन्हा सुटत नाहीत, त्यामुळे तापलेली बाटली नंतर कितीही गार केली तरी चौकोन फिका होत नाही. कारखान्यापासून उपकेंद्रापर्यंत लागलेली सगळी ऊब तिथं जमा होते. आणि नवल असं, की प्रत्येक लसीचा चौकोन तिच्या नाजूकपणाप्रमाणे बनवलेला असतो. पोलिओच्या थेंबांचा 37 अंशांत 2 दिवसांत काळवंडतो, तर हिपॅटायटिस बी लसीचा त्याच उष्णतेत 30 दिवस तग धरतो.

गोवर-रुबेलाच्या लसीत हा चौकोन बहुधा झाकणावर असतो. ही लस कोरडी भुकटी असते, टोचण्याआधी तिच्यात द्रावण मिसळतात. झाकण काढलं की चौकोनही गेला, म्हणून बघायचं ते आधी. मिसळल्यावर ती 4 तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. त्यासाठी बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहितात. ती वेळही वाचता येते.

चौकोनाला गारठा मात्र कळत नाही. पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली की तिच्यातले अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि ती निकामी होते. म्हणून फ्रीझरमधले आइस पॅक काढल्या काढल्या पेटीत भरत नाहीत. त्यांना घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवतात, मग एकेक कानाशी धरून हलवतात. आत पाणी खळखळलं की पॅक पेटीत. बाहेर 45 अंश असताना लस गोठू नये म्हणून बर्फाला कान लावणाऱ्या त्या बाईंचं काम मला फार मोलाचं वाटतं.

ही सोय नव्हती तेव्हा देवीची लस माणसांच्या अंगावरूनच प्रवास करायची. ती बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या 3 वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव पुढच्या मुलांना टोचला आणि तिथून ती लस देशभर गेली.

आता आईबापांचा नेहमीचा प्रश्न: गोवराची लस नवव्या महिन्यापर्यंत का थांबवतात? गर्भात असतानाच आईच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याची राखण करतात. ती लसीतल्या अशक्त विषाणूलाही सोडत नाहीत, लस रुजण्याआधीच त्याला निष्प्रभ करतात. नवव्या महिन्यापर्यंत आईचा हा वारसा बराच ओसरलेला असतो, पण सगळ्याच बाळांत नाही. म्हणून 100 पैकी सुमारे 85 बाळांत पहिला डोस लागू पडतो. उरलेल्यांसाठी 16 ते 24 महिन्यांतला दुसरा डोस असतो. आपलं बाळ 85 मधलं की 15 मधलं हे वरून दिसत नाही, तेव्हा तो चुकवण्यात मोठी जोखीम आहे.

गोवराकडे आपल्याकडे अजूनही ‘अंगावर निघतो आणि जातो’ म्हणून पाहतात. दाराला कडुनिंब बांधला जातो, आठवड्यात पुरळ मावळतं, मूल खेळायला लागतं. पण हा विषाणू रोगप्रतिकारशक्तीच्या स्मरणवहीतली पानं फाडून नेतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांची गोवरानंतर इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. मग न्यूमोनिया नि जुलाब अशा मुलाला पुन्हा नव्यानं गाठतात आणि घरच्यांना त्याचा गोवराशी संबंध लागत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला होता. मालेगाव धुळ्यापासून महामार्गानं तासाभराच्या अंतरावर आहे आणि गोवराचा विषाणू रोगी निघून गेल्यावरही खोलीच्या हवेत 2 तासांपर्यंत टिकतो.

लसीचा त्रास होतच नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरतं. त्यातला डांग्या खोकल्याचा घटक त्याला मुख्यत्वे कारण असतो आणि एक-दोन दिवसांत हे शमतं. गोवराच्या लसीचा ताप आठवडाभरानं येतो, कारण तो अशक्त विषाणू आधी अंगात थोडा वाढतो. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. तिच्यासाठीच लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेव्हा घाई करू नये. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा: गोवर झालेल्या दर हजार मुलांत साधारण एकाला मेंदूज्वर होतो. साधी सर्दी, खोकला किंवा जुलाब हे लस टाळण्याचं कारण नाही. आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा मूल गंभीर आजारी असेल, तर ते टोचण्याआधी सांगावं.

नर्सबाईंनीही चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगासाठी, काय त्रास होऊ शकतो नि झाल्यास काय करायचं, पुढच्या डोसाची तारीख, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. गर्दीत एखादी राहिली तर विचारा. झाकण दाखवा म्हणा.

खान्देशातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा डोस बहुतेक वेळा तारखेअभावी नव्हे, तर गाव सुटल्यामुळे राहतो. कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात सोबत न्या. पुढचा डोस देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतो आणि राहून गेलेली गोवर-रुबेलाची लस वयाची 5 वर्षं पूर्ण होईपर्यंत देता येते.