रचताना खालून, सांगताना वरून

आम्ही गटांसोबत बँकेत जातो तेव्हा बोलणं बहुतेक वेळा असं सुरू होतं: "साहेब, आमचा गट सुरू झाला तेव्हा चौदा जणी होतो, मग दोघी सोडून गेल्या, मग शेवयांचं मशीन घेतलं, ते बिघडलं..." दहा मिनिटांनी साहेब घड्याळाकडे बघतात आणि विचारतात, "ताई, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" रक्कम तोवर कुणी बोललेलंच नसतं. काम चांगलं असूनही अर्ज बाजूला पडतो.

आपल्या आज्यांच्या घरी मडक्यांची उतरंड असायची. तळाला मोठं मडकं, त्यावर लहान, सगळ्यांत वर चिमुकलं. रचायची खालून, उतरवायची वरून. बोलण्याचंही तसंच. अडचण शोधताना तळापासून, एकेक आकडा गोळा करत जायचं. सांगताना मात्र वरचं मडकं आधी हातात द्यायचं. बार्बरा मिंटो नावाच्या अमेरिकन बाईंनी हीच रीत पिरॅमिडच्या नावाने मांडली. 1963 मध्ये त्या मॅकिन्झी या मोठ्या सल्लागार कंपनीत लागल्या. एमबीए झालेली बाई त्या कंपनीने प्रथमच नेमली होती, आणि पुढे तिथल्या पुरुषांना अहवाल नीट लिहायला त्यांनीच शिकवलं!

आता पापडाचं उदाहरण घेऊ. समजा, एक गट महिन्याला 60 किलो उडदाचे पापड करतो, 240 रुपये किलोने विकतो, आणि मजुरी धरून सगळा खर्च जाता 2,100 रुपये उरतात. बैठकीत सगळ्या म्हणतात, "भाव परवडत नाही, वाढवा." थांबा. आधी ढीग पाडू या. पैसा कमी उरतो म्हणजे एकतर माल कमी खपतो, किंवा भाव कमी मिळतो, किंवा खर्च जास्त होतो, किंवा पैसा हातात उशिरा येतो. धान्य निवडतो तसं करायचं. एकही गोष्ट ढिगाबाहेर राहू नये, आणि एकच गोष्ट दोन ढिगांत जाऊ नये.

मग प्रत्येक ढीग वहीशी ताडून बघायचा. माल सगळा खपतोय. भाव बाजारातल्या इतर पापडांइतकाच आहे. वाढवला तर दुकानदार दुसऱ्याचे पापड ठेवेल. खर्चात मात्र दिसतं की डाळ गावच्या दुकानातून दहा-दहा किलो आणतात, 130 रुपयांनी. तालुक्याला क्विंटलने घेतली तर 110. मग क्विंटलने का आणत नाहीत? कारण दुकानदार पैसे दीड महिन्याने देतात, आणि एकरकमी रोकड कधी जमतच नाही. सापडलं! दुखणं भावात नव्हतंच.

आता उतरंड वरून उतरवायची. पहिलं वाक्य: "साहेब, आम्हाला दोन क्विंटल डाळीसाठी 22,000 रुपये पाहिजेत, अकरा महिन्यांत फेडू." बस. त्याखाली तीनच कारणं, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तीनच प्रश्न असतात. फायदा काय? महिन्याला 60 किलो डाळ लागते, किलोमागे 20 रुपये वाचले की 1,200 झाले. व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तरी पहिल्या महिन्याला 220, पुढे कमी. फेडणार कसे? आजचे 2,100 आणि वाचलेले 1,200 मिळून 3,300 होतात, हप्ता व्याजासकट 2,220 च्या वर जात नाही. विश्वास का ठेवावा? इथे आपली पंचसूत्री कामी येते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. तोंडाने सांगू नका, वही उघडून समोर ठेवा. गट सुरू कसा झाला ते साहेबांनी विचारलं तर जरूर सांगा.

एक लक्षात असू द्या. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांकडून 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. पण तारण नाही म्हणून प्रश्न नाहीत, असं होत नाही.

म्हणून बँकेत जायच्या आधी बैठकीत एकीला साहेब करा आणि तिला उलटे प्रश्न विचारू द्या. आमच्या अनुभवात सासूबाईंच्या वयाच्या सदस्या हे काम फार मन लावून करतात. त्यांच्यातलीच कुणीतरी विचारते, "पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, तेव्हा हप्ता कुठून भरणार?" हे तळाचं मडकं तडकलेलं असेल तर वरचं सगळं डगमगतं. तेव्हा उन्हाळ्यात जादा किती किलो करून ठेवणार, डबे कुठे ठेवणार, की हप्तेच उन्हाळ्यात मोठे आणि पावसाळ्यात लहान मागायचे, हे त्याच दिवशी ठरवून कागदावर लिहा. आणि बँकेत बोलायला दर वेळी अध्यक्षाच कशाला? डाळ आणायला जी जाते, तिला भाव तोंडपाठ असतात. पहिलं वाक्य तिला बोलू द्या.