आईने लस घेतली, तर दुधातून बाळाला काय मिळते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब तालुक्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. लस घेतली की बाळाला पाजू नये, ही भीती आपणच दूर केली पाहिजे. 19 मे 2021 रोजी केंद्र सरकारने स्तनदा मातांनाही कोविड लस घेण्यास मान्यता दिली. लसीनंतर आईच्या शरीरात तयार झालेली काही प्रतिपिंडे दुधात उतरतात. बाळाच्या घशात, आतड्यात जंतूंना अडवतात. पहिल्या चिकात प्रतिपिंडे भरपूर असतात, म्हणून तो पिळून टाकू नये. मात्र पाजणे थांबले की हे कवच ओसरते. बाळाच्या स्वतःच्या लसी चुकवून चालत नाही.

1928 मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. आपण निदान टोळी निघण्याआधी माय-लेकरांची लसीकरण कार्डे तपासू या.